टॉवेलात गुंडाळलेले हात

जुलैमधला सोमवार होता. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी ओपीडीला दुप्पट गर्दी, त्यात सकाळपासून पाऊस. दाराबाहेर ओल्या चपलांचा आणि छत्र्यांचा ढीग पडला होता. अकराव्या नंबरला अण्णा आत आले. आले म्हणजे आणले गेले. एका दंडाला मुलानं धरलेलं, मागे सून. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, वय ६३. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहू का, असं त्यांना आणि मुलाला विचारलं आहे.)

ही त्यांची माझ्याकडची तिसरी खेप. फेब्रुवारीत माल उतरला आणि त्यानंतर अण्णा गप्प होत गेले. गावच्या डॉक्टरांनी एसिटालोप्रॅम ही नैराश्याची गोळी सुरू केली, १० मिलिग्रॅम, मग २०. दोन-अडीच महिन्यांत फरक नाही म्हणून मे महिन्यात माझ्याकडे, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाकडे, पाठवलं. मी गोळी बदलून सर्ट्रालिन दिलं, ५० वरून १०० वर नेलं, रात्री झोपेची अर्धी गोळी जोडली. थायरॉइड, बी-१२, सोडियम तपासलं. या वयात पहिल्यांदाच नैराश्य आलं म्हणून मेंदूचा सीटी स्कॅनही करून घेतला. सगळं ठीक. केसपेपरवर माझ्याच अक्षरात दोन्ही भेटींना जवळजवळ तेच लिहिलेलं: झोप कमी, भूक कमी, कशात रस नाही, आवाज ऐकू येत नाहीत, जीव द्यायचे विचार नाहीत.

"काय म्हणताय अण्णा?"

उत्तर नाही. मुलगाच म्हणाला, "गोळ्या वेळेवर देतोय म्याडम. पण काय फरक न्हाई. आता तर जेवतच न्हाईत."

वजन मे महिन्यात ५८ किलो होतं, आता ५१. मी पेन उचललं. सर्ट्रालिन १५० करायचं, भुकेसाठी रात्री मिर्टाझापिन जोडायचं, दोन आठवड्यांनी बोलवायचं, हे मनात पक्कं झालं होतं. 'सर्ट्रालिन' लिहूनही झालं होतं.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं रक्ताच्या रिपोर्टचा कागद टेबलावरून उडाला आणि अण्णांच्या पायाशी पडला. कुणीही करेल तसे ते उचलायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत एका टॉवेलात गुंडाळलेले होते. पावसात भिजले असतील, थंडी वाजत असेल, असं मला आत येताना वाटलं होतं. पण वाकलेला माणूस कागदापासून वीतभर अंतरावर थांबला, हात मागे घेतले आणि सरळ बसला. कागद सुनेनं उचलला.

"मामा घरात बी असंच करत्यात," ती हळूच म्हणाली. नवरा असताना तिनं बोलायची ही पहिलीच वेळ. "पोराला जवळ येऊ देत न्हाईत. ताट मी भरवायचं म्हणत्यात, हात लावायचा न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. खुर्ची टेबलाच्या अलीकडे घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

"अण्णा, हाताला काय झालंय?"

बराच वेळ गेला. मी मोजला नाही, पण बाहेर कंपाउंडरनं दोनदा दार ढकलून पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "इख हाय."

"कशाचं?"

"औषधाचं. मरलीत पोरं."

मग तुटक तुटक निघालं ते असं. बेदाणा टाकायच्या आधी शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात जेवढे दिवस जायला हवे होते तेवढे गेले नाहीत. त्यांचा बेदाणा मुंबईला गेला. तिथं शाळेतली पोरं तो खाऊन मेली. हे पेपरात येत नाही कारण सरकारनं दाबलंय. पोलिस येणार आहेत. आपल्या पोटातली आतडी त्याच विषानं कुजली आहेत, म्हणून जेवून उपयोग नाही. आणि जे हाताला आहे ते नातवाला लागेल.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही हे नवीन होतं. पिशवीतून त्यानं एक लांबट वही काढली, फवारणीची नोंदवही. बापाचे कागद दाखवायचे म्हणून कशाबरोबर तरी आली होती. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, पाणी किती लिटर, असे रकाने पट्टीनं आखलेले. डिसेंबरपर्यंत अक्षर मोत्यासारखं: डावणीचं औषध, भुरीसाठी गंधक, ब्लोअरचे तास. शेवटच्या फवारणीची तारीख आणि तोडणीची तारीख यांच्यात जेवढे दिवस हवेत त्याहून चांगले जास्तच गेले होते. पण त्या दोन तारखांभोवती पेनानं गोल काढलेले होते, एकावर एक, कागद फाटेपर्यंत. पुढच्या चार पानांवर फक्त वजाबाक्या. त्याच दोन तारखांची वजाबाकी, पुन्हा पुन्हा. उत्तर दरवेळी बरोबर.

त्या वह्या मी कितीतरी शेतकऱ्यांच्या हातात पाहिल्या आहेत. या पानांकडे बघताना मात्र पोटात कालवलं. कारण हा माणूस मे महिन्यापासून हे डोक्यात घेऊन माझ्यासमोर दोनदा बसला होता आणि मी त्याला विचारलं होतं, "कानात आवाज येतात का?" नाही, म्हणाला होता. खरंच येत नव्हते.

आता इथे थोडं मागं जाऊन सांगायला हवं, कारण ही चूक आळसातून झाली नव्हती. ती वाचनातून झाली होती.

एम.डी. करताना मला नैराश्याच्या उपप्रकारांचं भारी वेड होतं. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेनच्या इस्पितळातल्या रोलांड कून यांनी इमिप्रमीन या नैराश्यावरच्या औषधाबद्दल पहिल्यांदा लिहिलं, तेव्हाच त्यांना दिसलं होतं की हे औषध सगळ्या दुःखी माणसांवर सारखं चालत नाही. ज्याचं शरीरच मंदावलं आहे, जो पहाटे तीनला जागा होतो, सकाळी सगळ्यात वाईट असतो, त्याच्यावर ते उत्तम चालतं. त्याला मेलँकोलिक नैराश्य म्हणतात. दोन वर्षांनी लंडनच्या वेस्ट आणि डॅली यांनी उलट्या टोकाचे रुग्ण मांडले. भरपूर झोपणारे, भरपूर खाणारे, चांगली बातमी आली की तेवढ्यापुरते खुलणारे, कुणी तुटक बोललं की कोसळणारे. त्यांना अटिपिकल नाव पडलं आणि त्यांच्यावर इप्रोनियाझिड या वेगळ्या औषधाच्या जातीची औषधं चालतात असं दिसलं. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं ते आकड्यांत दाखवलं: अशा रुग्णांत त्याच जातीच्या फेनेल्झिनला ७१ टक्के, इमिप्रमीनला ५० टक्के, नुसत्या साखरेच्या गोळीला २८ टक्के प्रतिसाद. वहीत मी तक्ता केला होता. हा प्रकार, ही गोळी. परीक्षेत मार्क मिळाले.

मग प्रॅक्टिस सुरू झाली. जुन्या औषधांची जागा एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी घेतली, एसिटालोप्रॅम आणि सर्ट्रालिन त्यांतल्याच. आणि २०१५ मध्ये आयस्पॉट-डी नावाच्या मोठ्या अभ्यासाचा पेपर वाचला. १००८ रुग्ण, तीन औषधं: एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन. मेलँकोलिक, अटिपिकल आणि चिंताग्रस्त अशा उपप्रकारांवरून कुठली गोळी कुणाला लागू पडेल हे सांगता येत नाही, असा निष्कर्ष. शिवाय ३६ टक्के लोक एकाहून जास्त उपप्रकारांत बसत होते आणि २५ टक्के एकाही नाही. माझा तक्ता तिथेच संपला. वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं. साठ पेशंटच्या ओपीडीत प्रत्येकाला "सकाळी जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी" विचारत बसायला नको. डिप्रेशन आहे, एसएसआरआय द्या, चार-सहा आठवडे थांबा, डोस वाढवा, नाही जमलं तर बदला.

उपप्रकारानं गोळी ठरत नाही हे मी वाचलं, आणि उपप्रकार विचारणंच सोडलं. त्या अभ्यासात ज्यांना भ्रम (पुरावा दाखवला तरी न हटणारी खोटी खात्री) आहेत असे रुग्ण घेतलेलेच नव्हते, ज्यांना कधी उन्माद (नैराश्याच्या उलट, अतिउत्साहाची अवस्था) येऊन गेला आहे तेही नव्हते, ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असणं आणि हातात असणं यात फरक असतो.

निदानाच्या नियमांत नऊ लक्षणं आहेत. त्यांतली पाच हवीत आणि मन उदास असणं किंवा कशात रस नसणं यांपैकी एक तरी हवं. गणित मांडलं तर हे २२७ वेगवेगळ्या प्रकारांनी जुळू शकतं. दोन माणसांना एकच निदान असतं आणि दोघांत सामाईक एखाद-दुसरंच लक्षण निघू शकतं. एकच शब्द २२७ तऱ्हांच्या माणसांवर लावायचा आणि मग गोळी निम्म्यांना का लागली नाही म्हणून नवल करायचं, असं आमचं चालतं.

अण्णांचा चेहरा मी त्या दिवशी नीट पाहिला. वरच्या पापणीची घडी आतल्या बाजूला तिरकी वर ओढलेली. व्हेरागुथची घडी म्हणतात तिला, पाठ्यपुस्तकात फोटो असतो. कपाळावर भुवयांच्या मध्ये आठी, जी बोलताना, ऐकताना, कधीच सुटत नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्यातली ती लांब शांतता. हे सगळं मे महिन्यातही असणार.

भ्रम असलेल्या नैराश्याबद्दलची गोष्ट पन्नास वर्षं जुनी आहे. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्लासमन आणि सहकाऱ्यांनी इमिप्रमीनचे रुग्ण दोन गटांत पाहिले. भ्रम नसलेल्या २१ पैकी १४ सुधारले. भ्रम असलेल्या १३ पैकी फक्त ३. औषध तेच, मात्रा पुरेशी. पुढे २००९ साली २५९ रुग्णांवर नीट चाचणी झाली: भ्रमावरचं औषध ओलान्झापिन नुसतं दिलं तर २४ टक्के, त्याच्या जोडीला सर्ट्रालिन दिलं तर ४२ टक्के पूर्ण बरे. म्हणजे इथे उपप्रकार कळल्याशिवाय गाडी पुढे जातच नाही. सर्ट्रालिन १५० करून मी अण्णांना आणखी दोन आठवडे उपाशी ठेवलं असतं.

मी लिहिलेलं खोडलं आणि मुलाला म्हणाले, "ॲडमिट करावं लागेल. आज."

आणि शॉकचं बोलले.

हा शब्द उच्चारला की घरच्यांचा चेहरा कसा होतो हे मला पाठ आहे. मुलगा उठून उभा राहिला. "म्याडम, वेडे न्हाईत ते." सून रडायला लागली. सिनेमातला शॉक सगळ्यांनी पाहिलेला असतो, बांधलेला, ओरडणारा माणूस. मी त्यांना बसवलं आणि जसं होतं तसं सांगितलं. भूलतज्ज्ञ असतात. शिरेतून भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं या दोन्हींशिवाय ईसीटी, म्हणजे मेंदूला वीज देऊन झटका आणायचा हा उपचार, देणं बेकायदा आहे. माणूस पाच-सात मिनिटं झोपलेला असतो. त्या दिवसांतल्या काही गोष्टी विसरायला होतं, कुणाकुणाच्या मागच्या काही महिन्यांतल्या आठवणीही पुसट होतात, काही परत येतात, काही येत नाहीत. हेही सांगितलं, लपवलं नाही. आणि का, तेही सांगितलं: ज्यांनी उपचार पूर्ण केले अशांत, २००१ च्या २५३ जणांच्या एका अमेरिकी अभ्यासात, भ्रम असलेले ९५ टक्के बरे झाले आणि भ्रम नसलेले ८३ टक्के. गोळीला जे नैराश्य सगळ्यात कमी दाद देतं तेच शॉकला सगळ्यात जास्त देतं. ज्या माणसानं तीन दिवसांत चार घास खाल्ले आहेत त्याच्याकडे सहा आठवडे नाहीत.

"आतडी कुजलेली न्हाईत का त्यांची?" सुनेनं विचारलं. तिनं सासऱ्यावर विश्वास ठेवला होता. तिला तरी कुणी सांगितलं होतं?

अण्णांना स्वतःचा निर्णय घेता येण्यासारखी अवस्था नव्हती. त्यांचा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून मुलानं सही केली. सही करताना त्याचा हात थरथरत होता.

त्या दिवशी दुपारी आणखी एक केस होती, तीही सांगते, कारण सकाळचा टॉवेल डोळ्यांसमोर नसता तर तीही माझ्या हातून निसटली असती. पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करणारी मुलगी, भाऊ घेऊन आला होता. दिवसाला तेरा-चौदा तास झोप, हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड, सारखं गोड खाणं, मैत्रीण आली की तास-दोन तास बरी. पाठ्यपुस्तकातलं अटिपिकल. कुणीतरी आधीच एसिटालोप्रॅम दिलेलं, आठवडाभर झाला होता आणि तिला "आत मुंग्या फिरल्यासारखं" वाटत होतं. मी भावाला बाहेर न पाठवता तिच्या परवानगीनं विचारलं, "याच्या बरोबर उलट कधी झालं होतं का? झोप कमी आणि तरी उत्साह फार?"

भाऊ हसला. "सेकंड इयरला. आठ दिवस ही रात्री तीन तास झोपायची. तीन क्लासेसना एकदम फी भरून आली होती. पप्पांनी परत आणले पैसे."

हे नैराश्य एकटं आलेलं नव्हतं. त्याच्या मागे उन्मादाची सौम्य लाट येऊन गेली होती. ज्या आजारात नैराश्य आणि उन्माद दोन्ही येतात त्याला बायपोलर म्हणतात; त्यातल्या नैराश्यात नेहमीच्या नैराश्याच्या गोळ्यांचं काय होतं, हे २००७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीला गोळी दिली तर २३.५ टक्के टिकाऊ सुधारले, साखरेची गोळी दिली तर २७.३ टक्के. फायदा काहीच नाही. आणि जोडीला काही न देता नुसतीच गोळी दिली तर माणूस उन्मादात जायची भीती वेगळी. तिचं एसिटालोप्रॅम बंद केलं, बायपोलर नैराश्यावरचं क्वेटियापिन सुरू केलं. तिची पुढची गोष्ट लांबची आहे, ती तिची तिनं सांगावी.

अण्णांचा पहिला शॉक बुधवारी सकाळी. भूलतज्ज्ञांनी स्नायू सैल करायचं औषध द्यायच्या आधी मी त्यांच्या उजव्या घोट्यावर बीपीचा पट्टा आवळला, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. सगळं शरीर शांत पडलेलं असतं आणि फक्त तेवढं एक पाऊल थरथरतं, त्यावरून झटका किती वेळ चालला ते मोजायचं. ३८ सेकंद. भेगाळलेली टाच, नखांत बागेची माती अजून होती, चार महिने बागेत न जाता. टॉवेल उशीजवळ घडी करून ठेवला होता. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा तो मागितला आणि हात पुन्हा गुंडाळले.

दुसऱ्या शॉकनंतर चहा प्यायले, कप सुनेच्या हातात. तिसऱ्यानंतर रात्री सलग पाच तास झोप. चौथ्यानंतर शनिवारी राउंडला गेले तर टॉवेल खांद्यावर होता. मी काही बोलले नाही, नर्सलाही बोलू नका म्हणाले होते. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "छाटणीला मानसं सांगितली का बघायला पायजेल." जुलैमध्ये फळछाटणीला दोन-अडीच महिने असतात.

"आणि ती मुंबईची पोरं?" मी विचारलं.

ते खूप वेळ विचारात पडले. "काय कळंना," म्हणाले. "तसं झालं असतं तर पेपरात आलं असतं की."

भ्रम असाच जातो. एकदम तुटत नाही. आधी त्याच्या कडा झिजतात.

सहा शॉक झाले. ओलान्झापिन आणि सर्ट्रालिन सुरू ठेवून घरी सोडलं. मागच्या दोन-तीन महिन्यांतलं त्यांना फारसं आठवत नाही, माझ्याकडच्या पहिल्या दोन भेटीही नाहीत. मला त्या आठवतात. मी त्यांच्याजवळ ते कबूल केलं, की मे महिन्यातच मी विचारायला हवं होतं. ते म्हणाले, "मी तरी कुठं सांगितलं आसतं?" कदाचित नसतंच सांगितलं. पण विचारलं नव्हतं हे खरंच आहे.

तेव्हापासून नैराश्याच्या प्रत्येक केसपेपरवर मी चार प्रश्न स्वतःच्या हातानं लिहिते, छापील नाही, कारण छापील रकान्यावर डोळा ठरत नाही. तुमच्या हातून काही फार वाईट झालंय असं वाटतं का? शरीरात काही बिघडलंय, सडलंय असं वाटतं का? याच्या उलट कधी झालं होतं का? आणि चौथा प्रश्न घरच्यांना: हे आता असं काय करतात जे पूर्वी करत नव्हते? शेवटच्याला सर्वांत जास्त सापडतं. कानात आवाज येतात का, हे अजून विचारते, पण त्याच्या 'नाही'वर आता थांबत नाही.

मेलँकोलिक की अटिपिकल, यावरून सर्ट्रालिन द्यायचं की एसिटालोप्रॅम, हे मला आजही सांगता येत नाही आणि कुणी सांगत असेल तर मी पुरावा मागेन. निदान तरीही पूर्ण लिहिते.

ऑक्टोबरच्या शेवटी अण्णा आले, या वेळी मुलाच्या पुढे चालत. फळछाटणी झाली होती. वजन ६०. मुलाचं म्हणणं, ओलान्झापिननं पोट सुटतंय, आता बंद करूया. मागणी चुकीची नव्हती. मी त्यांना सांगितलं की हे आधी पाहिलं गेलंय. बरे झाल्यावर दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या तर ३६ आठवड्यांत २० टक्के लोकांचा आजार उलटला, ओलान्झापिन काढून फक्त सर्ट्रालिन ठेवलं तर ५५ टक्क्यांचा. वजनाची आणि साखरेची तपासणी मी दर तीन महिन्यांनी करीन. ठरवायचं तुम्ही.

अण्णांनी पिशवीतून वही काढली. नवी, पण रकाने तसेच, पट्टीनं आखलेले. "छत्तीस आठवडे म्हंजी?"

"जुलैपर्यंत धरा."

त्यांनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं, तारखा मोजल्या, शेवटच्या पानावर लिहिलं आणि वही माझ्यापुढे फिरवली. औषध, प्रमाण, तारीख. खाली वजाबाकी, एकदाच केलेली.